ओरायन-टीआर स्मार्ट १२/१२-३०: ट्रेलरची बॅटरी गाडीवरून चार्ज करायची असेल तर

व्हिक्ट्रॉनचा ओरायन-टीआर स्मार्ट १२/१२-३० हा चार्जर उत्तम आहे, आणि तरीही कोल्हापुरात ट्रेलरवर धंदा करणाऱ्या बऱ्याच जणांनी तो घेऊ नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या आहेत, हे खरेदीआधी कळलं तर पैसे वाचतील.

हा चार्जर ओढणाऱ्या गाडीची वीज घेऊन ट्रेलरमधली वेगळी बॅटरी भरतो, आणि गाडीचं इंजिन चालू असेल तेवढाच वेळ भरतो. प्रवाह ३० अँपिअर, म्हणजे तासाभराच्या प्रवासात मागच्या बॅटरीत साधारण ३० अँपिअर-तास (बॅटरीत किती वीज साठली याचं माप). आता खर्चाची बाजू बघा. खाण्याच्या ट्रेलरमध्ये १० वॅटचे चार एलईडी, ३० वॅटचा एक्झॉस्ट पंखा, बिलाचं मशीन आणि पेमेंटचा स्पीकर मिळून १० वॅट, बारा व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसरचा फ्रीज सरासरी २५ वॅट. एकूण १०५ वॅट. संध्याकाळचे पाच तास धरले तर ५२५ वॅट-तास, म्हणजे लिथियम बॅटरीतून सुमारे ४१ अँपिअर-तास.

कळंब्याहून रोज रंकाळ्यावर ट्रेलर आणून लावणाऱ्याचं इंजिन जाता-येता मिळून चाळीस मिनिटं चालतं. त्यातून २० अँपिअर-तास मिळतात, खर्च ४१ चा. रोजची तूट २१. शंभर अँपिअर-तासांची नवी बॅटरी चौथ्या संध्याकाळी धंदा संपायच्या आधीच बसणार. अशा माणसाने हा चार्जर न घेता रात्री घरच्या सॉकेटवर लावायचा १५ ते २० अँपिअरचा साधा बॅटरी चार्जर घ्यावा. ट्रेलर रात्रभर दारातच असतो. काम स्वस्तात होतं आणि बॅटरी रोज पूर्ण भरते.

उलट जो ट्रेलर गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून मालवणच्या बाजूला जातो किंवा पुण्याच्या प्रदर्शनात जातो, त्याच्यासाठी हा चार्जर घेण्यासारखा आहे. साडेतीन-चार तासांच्या प्रवासात शंभरची लिथियम बॅटरी रिकामीची भरलेली होऊन मुक्कामी पोहोचते.

सरळ वायर ओढून का भागत नाही, हा प्रश्न हमखास येतो. जुन्या गाडीत थोडंफार भागतं. पण ट्रेलरच्या सात पिनांच्या सॉकेटमधली वायर दिव्यांसाठी असते, साधारण दीड स्क्वेअर एमएमची. तेरा पिनांच्या सॉकेटमध्ये पिन ९ वर कायमचा आणि पिन १० वर इग्निशननंतरचा पॉझिटिव्ह मिळतो, पण तिथेही वायर बहुधा अडीचचीच. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत आठ मीटर, जाऊन-येऊन सोळा मीटर धरा. तांब्याच्या अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरचा रोध होतो ०.११ ओहम. दहा अँपिअर वाहिले तरी एक व्होल्टाहून जास्त वाटेतच जातो. अल्टरनेटरचे (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचे) १४.२ व्होल्ट मागे पोहोचेपर्यंत १३.१ होतात. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरायला १४.४ च्या आसपास लागतात. भरत जाईल तसा प्रवाह कमी होतो, वाटेतली घटही कमी होते, पण पूर्ण भरायला इतके तास लागतात की तेवढा प्रवास कोणी करत नाही. बॅटरी वर्षभर अर्धवट भरलेली राहते, प्लेटांवर सल्फेट साचतं आणि दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो.

दुसरं कारण नव्या गाड्यांचं आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांत अल्टरनेटरचं नियंत्रण गाडीच्या संगणकाकडे असतं. गाडीची बॅटरी भरली की तो व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, कधी साडेबारापर्यंत, म्हणजे इंजिनावरचा भार हलका होतो. घाट चढताना व्होल्टेज खाली, उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की वर. अशा गाडीवर सरळ वायर किंवा व्होल्टेज बघून जोडणारा रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) लावला तर मागची बॅटरी गगनबावड्यापर्यंत उपाशीच जाते. ओरायन आत येणारं कमी-जास्त व्होल्टेज घेतो आणि बाहेर बॅटरीला हवं तेच देतो: आधी पूर्ण प्रवाह, मग ठरलेल्या व्होल्टेजवर उतरता प्रवाह, शेवटी फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यापुरतं कमी व्होल्टेज. त्याची किंमत आहे ती यासाठी.

याच चार्जरचे दोन प्रकार मिळतात, आयसोलेटेड (आत येणारा आणि बाहेर जाणारा निगेटिव्ह वेगळे) आणि नॉन-आयसोलेटेड (दोन्ही निगेटिव्ह आतून एकच). दुकानदार सहसा दुसरा पुढे करतो, कारण दोन्ही बॅटरींचे निगेटिव्ह बॉडीलाच असतील तर तो चालतो. पण ट्रेलरसाठी आयसोलेटेडच घ्यावा, असं ठाम मत आहे. कारण कनेक्शन कुठे सुटतं यात आहे. ट्रेलरचा जाड निगेटिव्ह एखाद्या खड्ड्यात सैल झाला तर नॉन-आयसोलेटेड चार्जरचा चाळीस अँपिअरचा परतीचा प्रवाह दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे सात पिनांच्या सॉकेटमधली दिव्यांची बारीक अर्थ वायर. ती तापते, सॉकेट वितळतं आणि ब्रेक लाइट जातात. आयसोलेटेड प्रकारात गाडीकडचा निगेटिव्ह ट्रेलरच्या बॉडीशी आतून जोडलेलाच नसतो, त्यामुळे तार सुटली की चार्जर नुसता बंद पडतो. मात्र गाडीकडून आलेला निगेटिव्ह ट्रेलरच्या चॅसिसला जोडायचा नाही. तो जोडला की आयसोलेटेड घेतल्याचा उपयोग संपला.

जोडणीत सगळ्यात जास्त पैसे वायरवर घाला. चार्जर ३० अँपिअर बाहेर देतो, पण त्याची कार्यक्षमता ८७ टक्के आहे. १४.२ व्होल्टवर ३० अँपिअर म्हणजे ४२६ वॅट, त्यासाठी आत सुमारे ४९० वॅट लागतात. म्हणजे गाडीकडून ३७ ते ४० अँपिअर ओढले जातात. आठ मीटरच्या अंतराला १० स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये ४० अँपिअरला १.१ व्होल्ट जातात, १६ मध्ये ०.७, २५ मध्ये ०.४५. चार्जरच्या टर्मिनलमध्ये १६ पर्यंतचीच वायर बसते, तेव्हा १६ हीच योग्य निवड. बोनेटपासून मागच्या बंपरपर्यंतचं अंतर जास्त असेल तर गाडीतला भाग २५ चा करून प्लगजवळ १६ वर यावं.

वायर मल्टिस्ट्रँड तांब्याचीच हवी. स्वस्तातल्या काही केबल वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. एक धागा ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरा दिसला तर केबल परत करा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंग केबल सहज मिळते आणि ती लवचीकही असते. ती चालते, फक्त पूर्ण लांबी फ्लेक्सिबल पाइपमधून न्यावी, कारण रबरी आवरण तेल आणि घासण्याने लवकर जातं. थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या. हातोडीने ठोकलेली थिंबल सुरुवातीला मीटरवर बरोबर दिसते आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तापायला लागते. डागणीने भरलेली थिंबलही नको: कथील वायरच्या धाग्यांत वर चढतं, तिथे वायर कडक होते आणि गाडीच्या हादऱ्यांनी नेमकी त्याच जागी तुटते.

क्रम असा ठेवा. गाडीच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा मिडी फ्यूज (बोल्टने आवळायचा फ्यूज). तिथून १६ ची जोडी, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही, चॅसिसच्या कडेने मागे. सायलेन्सरपासून लांब, दर फूटभरावर क्लिप, पत्र्यातून जाईल तिथे रबरी ग्रोमेट. निगेटिव्ह चॅसिसवरून आणायचा मोह टाळा. टोचनच्या गोळ्यातून तर विजेचा भरवसा कधीच धरू नये, तिथे ग्रीस आणि गंज दोन्ही असतात. नव्या गाडीत निगेटिव्ह पोलवर छोटा सेन्सर दिसला तर आपली वायर थेट पोलवर न लावता कंपनीने दिलेल्या बॉडी अर्थच्या बोल्टवर लावा. नाहीतर गाडीच्या संगणकाचा हिशेब चुकतो.

बंपरजवळ ५० अँपिअरचा अँडरसन प्लग. फोर्कलिफ्टच्या बॅटरीला असतो त्याच जातीचा. दोन्ही बाजू सारख्याच असतात, त्यामुळे नर-मादीचा घोळ नाही. त्याला झाकण हवंच, कारण ट्रेलर सुटा असताना गाडीकडची बाजू जिवंत राहते आणि मागच्या चाकाचा सगळा चिखल तिच्यावर उडतो. वळताना वायर ताणणार नाही इतका झोल ठेवा, पण रस्त्याला घासेल इतका नको.

चार्जर ट्रेलरमध्ये, मागच्या बॅटरीपासून मीटरभराच्या आत. त्याच्याकडून बॅटरीकडे जाणाऱ्या वायरवर, बॅटरीजवळ, ४० अँपिअरचा फ्यूज. हा दुसरा फ्यूज फिटर हमखास विसरतात. वायर दोन बॅटरींच्या मध्ये आहे. ती कुठेही घासून चॅसिसला लागली तर आग लावायला मागची बॅटरी एकटी पुरेशी आहे.

गाडीच्या मूळ हार्नेसमध्ये कुठेही वायर कापून जोड देऊ नका. वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो.

आता चार्जरच्या अडचणी. पहिली उष्णतेची. ४९० वॅट आत आणि ४२६ बाहेर, म्हणजे ६४ वॅट नुसती उष्णता, आणि आत पंखा नाही. ४० अंश सेल्सिअसच्या वर प्रत्येक अंशाला क्षमता सुमारे ३ टक्क्यांनी उतरते, आणि वापराची मर्यादा ५५ अंशांची आहे. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला उन्हात उभ्या असलेल्या पत्र्याच्या ट्रेलरमध्ये, बंद कपाटात, ५५ अंश गाठायला वेळ लागत नाही. तिथे ३० चे १६-१७ अँपिअर होतात. चार्जर उभा लावा, वर-खाली किमान दहा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, कपाटाला जाळी द्या. शेगडीच्या मागची भिंत सोडून कुठलीही भिंत चालेल.

दुसरी पाण्याची. आतला इलेक्ट्रॉनिक भाग बऱ्यापैकी बंद आहे, पण टर्मिनलची बाजू फक्त वरून पडणाऱ्या थेंबांपुरती सुरक्षित आहे. आपल्याकडच्या पावसात हा चार्जर ट्रेलरच्या जिभेवर (पुढच्या जोडणीच्या दांड्यावर) किंवा चॅसिसखाली लावणं म्हणजे तो घालवणं. ट्रेलर धुताना प्रेशरचा पाइप त्या कपाटाकडे फिरवायचा नाही, हे धुणाऱ्या पोरालाही सांगून ठेवा.

तिसरी अडचण जास्त चिडचिड करणारी. चार्जर इंजिन चालू आहे की नाही हे स्वतःच्या आत येणाऱ्या व्होल्टेजवरून ओळखतो. वायर बारीक असेल तर असं होतं: इंजिन सुरू, व्होल्टेज चढलं, चार्जर सुरू झाला, चाळीस अँपिअर वाहिले, वायरमध्ये व्होल्ट पडले, चार्जरला वाटलं इंजिन बंद झालं, तो थांबला, भार गेला, व्होल्टेज परत चढलं, पुन्हा सुरू. दर काही मिनिटांनी हेच. लोक चार्जर बदलून मागतात, आणि नव्यानेही तेच केलं की चक्रावतात. दोष वायरचा किंवा सैल थिंबलचा असतो. आधी वायर सुधारा, आणि मग गरज उरली तरच अ‍ॅपमधली बंद होण्याची मर्यादा थोडी खाली आणा. संगणकाच्या अल्टरनेटरवाल्या गाडीत मात्र व्होल्टेजवर विसंबूच नये. इग्निशननंतर जिवंत होणारी एक बारीक वायर, २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज लावून, चार्जरच्या रिमोट जोडणीवर आणावी. कुठल्या पिनला लावायची ते मॅन्युअलमधल्या आकृतीत दिलं आहे. आकृती न बघता लावू नये.

अ‍ॅप चांगलं आहे. ब्लूटूथवर मोबाइलमध्ये आतलं आणि बाहेरचं व्होल्टेज, चार्जिंगचा टप्पा, सगळं दिसतं, आणि बॅटरीचा प्रकार निवडता येतो. पण प्रवाह दिसत नाही. चार्जर या किमतीचा असून किती अँपिअर जात आहेत हे सांगत नाही, ही या मॉडेलची खरी उणीव. त्यासाठी वेगळा शंट (वायरच्या मध्ये बसणारं प्रवाह मोजायचं साधन) लावा किंवा डीसी मोजणारा टाँग टेस्टर (वायरभोवती धरायचा चिमट्याचा मीटर) ठेवा. घरगुती वायरमनकडचा टेस्टर बहुतेक वेळा फक्त एसीचा असतो, त्याच्यावर शून्यच दिसेल. ब्लूटूथचा मूळ पिनही बदलून टाका, नाहीतर शेजारच्या ट्रेलरवाल्याच्या मोबाइलवर तुमचा चार्जर उघडेल.

दुसरी उणीव म्हणजे प्रवाह कमी करता येत नाही. ३० चं मॉडेल ३० च देणार. हे बॅटरी आणि अल्टरनेटर दोघांच्या दृष्टीने बघावं लागतं. लिथियम फॉस्फेटच्या शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीला ३० अँपिअर सहज पचतात. ट्यूब्युलर लेड-अ‍ॅसिडला क्षमतेच्या दहा टक्के प्रवाह आदर्श, वीस टक्के म्हणजे वरची हद्द. १५० च्या ट्यूब्युलरला ३० चालतील, शंभरच्या बॅटरीला नको. तिथे याच मालिकेतलं १८ अँपिअरचं मॉडेल घ्यावं.

आणि ट्रॅक्टर. मिरवणुकीच्या दिव्यांसाठी ट्रॉलीवर बॅटरी ठेवून ती ट्रॅक्टरवरून चार्ज करायची, असा विचार करणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना ३६ अँपिअरचा अल्टरनेटर असतो. ३० चा ओरायन एकटाच त्याच्याकडून ३७ ते ४० मागतो. हेडलाइट लावले की ट्रॅक्टरची स्वतःची बॅटरी उतरायला लागते आणि अल्टरनेटर भाजतो. १८ चं मॉडेल २४ च्या आसपास ओढतं, तेही दिवसा आणि इंजिन चांगल्या फेऱ्यावर असताना. मिरवणुकीत ट्रॅक्टर तासन्‌तास आयडलवर असतो, तेव्हा अल्टरनेटर लिहिलेल्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. मिरवणुकीसाठी बॅटरी घरून भरून न्या. पिकअप किंवा एसयूव्ही असली तरी अल्टरनेटरच्या प्लेटवरचा आकडा आधी वाचा. चार्जर जेवढं ओढतो त्याच्या दुपटीहून कमी असेल तर १८ चंच मॉडेल घ्या.

बॅटरीबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे, कारण ती जिवाची आहे. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी ट्रेलरमध्ये टाकायची पद्धत आहे. ती ५०-६० किलोची असते, घाटात कलते, अ‍ॅसिड सांडते, आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. खाण्याच्या ट्रेलरमध्ये शेजारीच गॅसचा सिलिंडर असतो. हायड्रोजन हवेपेक्षा हलका, तो छताशी साचतो. एलपीजी जड, तो तळाशी पसरतो. एकाच कपाटात दोन्ही ठेवले तर वर-खाली दोन्हीकडे पेटणारा वायू आणि मध्ये फ्यूज, रिले, स्विच. बॅटरीचं कपाट वेगळं हवं आणि त्याला वरच्या बाजूला बाहेर उघडणारं भोक हवं. सिलिंडरचं कपाट वेगळं, त्याला तळाशी भोक. दोघांच्या मधली भिंत पूर्ण बंद, वायर जाते तिथलं छिद्रही भरलेलं. चार्जर सिलिंडरच्या कपाटात तर कधीच नको. बंद ट्रेलरसाठी लिथियम फॉस्फेटच बरी: वायू नाही, सांडणं नाही, वजन निम्म्याहूनही कमी. अ‍ॅपमध्ये तिच्यासाठी लिथियमचा प्रोग्रॅम निवडा आणि बॅटरीवाल्याने दिलेल्या आकड्याशी ताडून बघा, बहुतेकांचा १४.२ ते १४.४ असतो.

ज्याची गाडी जुनी आहे, अल्टरनेटर सतत १४ च्या वर देतो आणि मागे लेड-अ‍ॅसिडच आहे, त्याला ओरायनची गरज नाही. व्होल्टेज बघून जोडणारा रिले, साधारण १३.३ ला जोडणारा आणि १२.८ ला सोडणारा, तीच १६ ची वायर आणि दोन्ही टोकांना फ्यूज लावले की पुष्कळ कमी पैशांत काम होतं. फक्त असा रिले लिथियमला लावू नये. रिकामी लिथियम बॅटरी अल्टरनेटर देईल तेवढं सगळं ओढते, आणि भरल्यावर तिच्या बीएमएसने (बॅटरीच्या आतल्या संरक्षणाच्या सर्किटने) अचानक तोडलं तर व्होल्टेजचा जो झटका येतो तो अल्टरनेटरचे डायोड घालवू शकतो. ओरायन मध्ये असला की प्रवाह बांधलेला राहतो.

व्हिक्ट्रॉन यावर पाच वर्षांची वॉरंटी देते. ती अधिकृत विक्रेत्याच्या बिलावर मिळते, म्हणून कुठूनही स्वस्तात मागवण्याआधी विक्रेता अधिकृत आहे का ते बघा आणि बिलावर चार्जरचा सीरियल नंबर लिहून घ्या.

जोडणी झाल्यावर फिटरला जाऊ देण्याआधी इंजिन चालू करून, मागची बॅटरी अर्धी रिकामी असताना, चार ठिकाणी व्होल्टेज मोजून घ्या: गाडीच्या बॅटरीवर, अँडरसनच्या गाडीकडच्या बाजूला, चार्जरच्या आत येणाऱ्या टर्मिनलवर, मागच्या बॅटरीवर. पहिला १४.२ असेल तर तिसरा १३.३ च्या खाली नको. पहिल्या दोहोंत फरक मोठा असेल तर दोष गाडीतल्या वायरीत किंवा फ्यूजच्या बोल्टमध्ये. दुसऱ्या-तिसऱ्यात असेल तर प्लगमध्ये किंवा ट्रेलरच्या वायरीत. अर्धा तास चालवून प्रत्येक जोडाला हात लावा. बोट टेकवत नसेल तो जोड उघडून नव्याने क्रिम्प करायचा. पहिल्या घाटाच्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, आणि ६० व ४० चे दोन-दोन फ्यूज गाडीच्या डॅशबोर्डमध्ये टाकून ठेवा. करूळ घाटात मिडी फ्यूज विकत मिळत नाही.